कुंभार्ली घाटात झांज

नमस्कार श्रोतेहो. गाडीचा हॉर्न दाबला आणि तो वाजलाच नाही, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का? शहरात झालं तर फारसं बिघडत नाही. उलट सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच मागून पीं पीं करणाऱ्यांचे हॉर्न चार दिवस बंद पडावेत, अशी माझी जुनी इच्छा आहे. पण घाटात हॉर्न गेला की पोटात गोळा येतो.

माझा गेला तो कुंभार्लीच्या तोंडाशी. गणपतीच्या दोन दिवस आधी पुण्याहून गावाला निघालो होतो. उंब्रजला हायवे सोडला, पाटणला चहा झाला, कोयनानगर मागे पडलं तसं धुकं खाली उतरलं. एका वळणावर म्हैस रस्त्यात बसलेली. हॉर्न दाबला, काही नाही. तळहातानं दाबला, मग बुक्की मारली. म्हैस माझ्याकडे बघत रवंथ करत राहिली.

गाडी कडेला घेऊन फ्यूज काढला. शाबूत होता. तरी नवा घातला, तोही गप्प. आता चिपळूणपर्यंत अख्खा घाट उतरायचा आणि वळणापलीकडून एसटी येतेय की ट्रक, दिसायचं नाही. मागे आई आरतीच्या सामानाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "अरे, झांज आहे की आपल्याकडे!"

काच खाली झाली. मुलगा ओरडायचा, "आजी, वळण!" की ही बाहेर हात काढून झांज कुटायची. एका वळणाला समोरून चढणारा ट्रक करकचून थांबला. शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घातली, तर ड्रायव्हरनं चक्क हात जोडले. आमच्या गाडीत गणपती आहे, असं त्याला वाटलं असावं. झांज जुनी, काशाची होती म्हणून निभावलं हो. हल्लीच्या पातळ पत्र्याच्या झांजा वाजवल्या, की मोरीत डबा पडल्यासारखं वाटतं. आरतीची मजाच गेली त्यानं. असो.

चिपळूणला गॅरेज गाठलं. नवीन हॉर्नचा खर्च पडणार, असं मी धरूनच चाललो होतो. त्या मेस्त्रीनं वायरचा एक तुकडा घेतला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं हॉर्नच्या लोखंडी अंगाला टेकवलं आणि म्हणाला, "आता दाबा." असा वाजला, की पलीकडच्या टपरीवरचा चहावाला दचकला. "हॉर्न ठणठणीत आहे साहेब, अर्थ गेलाय."

म्हणजे काय, तर हॉर्नला एकच वायर असेल, तर करंट त्या वायरनं येतो आणि परत जातो हॉर्नच्या ब्रॅकेटमधून, बोल्टमधून, गाडीच्या बॉडीत. माझ्या गाडीचा बंपर उन्हाळ्यात रंगवून घेतला होता, तेव्हा ब्रॅकेटवरही रंग बसला, वर पावसाचा गंज चढला. परतीची वाटच बंद. त्यानं बोल्ट सोडला, पॉलिश पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला आणि पुन्हा आवळला. 10 मिनिटं.

वेळ संपत आलीय, म्हणून भरभर सांगतो. पहिला फ्यूज. बहुतेक गाड्यांत तो 10 किंवा 15 अँपिअरचा असतो, लाल म्हणजे 10, निळा म्हणजे 15. जेवढ्याचा तेवढाच घाला. तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद अजिबात नको, वायरिंग जळेल. फ्यूजनंतर रिले, म्हणजे बटण दाबलं की हॉर्नचा करंट चालू करणारी छोटी डबी. हॉर्न दाबल्यावर फ्यूज बॉक्सपाशी टक् असा आवाज येतो का ऐका. येत नसेल तर शेजारचा त्याच नंबरचा रिले तिथे लावून बघा. मग अर्थ, तो तुम्हाला आता कळलाच. म्हणजे फ्यूज, रिले, अर्थ. पुन्हा सांगतो, फ्यूज, रिले, अर्थ. नवा हॉर्न अगदी शेवटी.

हॉर्नबरोबर स्टिअरिंगवरची गाण्यांची बटणंही गेली असतील आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर मात्र स्टिअरिंगच्या आतल्या पट्टीचं, क्लॉक स्प्रिंगचं, काम आहे. तिथे घरी स्क्रूड्रायव्हर घालू नका. एअरबॅग तोंडावर फुटेल.

आणि हो, तुम्ही बोनेटमध्ये वाकलेले असताना "दाब गं जरा" असं सांगायच्या आधी डोकं बाहेर काढा. मी काढलं नव्हतं. दोन दिवस उजव्या कानानं फक्त शिट्टी ऐकू येत होती.