वय ७८, मान दुसऱ्या मणक्यात मोडलेली

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

'म्हातारपणी मोडलेली मान आणि तिचं ऑपरेशन' हे विषयाचं नाव ऐकूनच मागच्या रांगेतले दोघं उठले. काही हरकत नाही. जे उरलेत त्यांच्यातले निम्मे आज ना उद्या माझ्याकडे येणारच आहेत, तेव्हा आधीच ओळख झालेली बरी.

ऑपरेशनकडे येतोच, पण आधी एक आजी. वय ७८. पहाटे न्हाणीघरात पाय घसरला आणि कपाळ नळावर आपटलं. दवाखान्यात चार टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं. मान दुखते म्हणाल्या, तर उत्तर मिळालं, "वयोमानाने होतं." मग नीलगिरीचं तेल झालं, उशी काढून झाली, परत घालून झाली. जावयांनी मऊ पट्टा आणला. शेजारच्यांनी मान मोडून देणारा एक गृहस्थही सुचवला होता. नशिबाने तो गावाला गेला होता. (हसू नका, तुमच्यातले किती जण केस कापून झाल्यावर न्हाव्यापुढे मान सोडून बसतात, मला ठाऊक आहे.)

माझ्याकडे आल्या तेव्हा तपासणीच्या टेबलावरून उठताना त्यांनी स्वतःचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. असं कोणी उठलं की मी पुढचं काही विचारत नाही, आधी सीटी स्कॅन काढायला पाठवतो.

माझं गाऱ्हाणं इथेच आहे. कपाळ थांबतं, पण अंग पुढे येत राहतं आणि डोकं मागे ढकललं जातं. जखम दिसते म्हणून टाके पडतात, मान दिसत नाही म्हणून राहून जाते. पडल्यावर मानेचा फोटो कोणाचा काढायचा, याचा कॅनडातल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये नियम दिला. त्यात वय ६५ किंवा जास्त असलं की तेवढ्यावरच फोटो काढायचा. आपल्याकडे नेमकं उलटं, वय जास्त म्हणून तपास कमी! साध्या एक्स-रेत मानेचं फ्रॅक्चर निसटतंही, म्हणून सीटी.

बरं, मोडतं काय? जात्याच्या खालच्या तळीत मधोमध खीळ असते, तसा दुसऱ्या मणक्यातून एक सुळका वर आलेला असतो आणि पहिला मणका त्याभोवती फिरतो. हाडं ठिसूळ झाली की सुळका बुडाशी मोडतो. अँडरसन आणि डी'अलोन्झो यांच्या १९७४ च्या वर्गीकरणातला हा दुसरा प्रकार, म्हाताऱ्या माणसांत नेहमीचा आणि जुळायला हट्टी. त्या पातळीला मज्जारज्जूभोवती मोकळी जागा बरीच असते, म्हणून आजी चालत आल्या. पण तेवढ्याने मान सुरक्षित ठरत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता पळतपळत.

कॉलर लावून हाड पुष्कळदा जुळत नाही. तरी मधे चिवट तंतू धरून काही जण ठीक राहतात, आणि फार थकलेल्या माणसाला तेच योग्य. कवटीत स्क्रू रोवून बसवायची हेलो चौकट या वयात मी टाळतो. न्यूमोनिया होतो, गिळताना ठसका लागतो. पुढून एकच स्क्रू घालता येतो, पण ठिसूळ हाडात तो धरत नाही. म्हणून बहुधा मागून, पहिल्या-दुसऱ्या मणक्यात स्क्रू घालून दोन्ही जोडायचे. ही पद्धत आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातली, डॉ. अतुल गोयल आणि लाहेरी यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली. जर्मनीच्या हार्म्स यांनी २००१ मध्ये स्क्रूंना जोडणाऱ्या पट्टीऐवजी सळ्या वापरल्या, आणि आमचेच लोक तिला नुसतं 'हार्म्स' म्हणू लागले! असो.

उत्तर अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या १५९ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा झाला. ऑपरेशन झालेल्यांची मान रोजच्या कामाला जास्त उपयोगी पडली. पण ऑपरेशन कोणाचं करायचं हे डॉक्टरांनी आणि घरच्यांनी ठरवलं होतं, चिठ्ठ्या टाकून नाही, एवढं धरून चाला. मी वयाचा आकडा बघत नाही, पडायच्या आदल्या दिवशी माणूस काय करत होता ते विचारतो. आजी दोन जिने चढून देवळात जात होत्या. त्यांचं ऑपरेशन केलं.

किंमत आहेच. मान वळवण्याचं सुमारे निम्मं काम याच जोडीत होतं, ते जातं. शेजारून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी असते, तिला धोका असतो. हे घरच्यांना आधी बसवून, निवांत सांगायला हवं. आपल्याकडे ते सांगितलं जातं सही घेताना, लिफ्टच्या दारात.