पहिली कादंबरी कसली?

(पडद्यावर: तळ्याकाठचं घर, खिडकीवर पाऊस. काही क्षण फक्त पावसाचा आवाज.)

1816 साली जिनिव्हाच्या तळ्याकाठी उन्हाळा आलाच नाही. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्यानं युरोपचं आकाशही झाकोळून टाकलं होतं. सतत पाऊस. बाहेर पडता येईना, म्हणून तळ्याकाठच्या एका घरात जमलेली मंडळी भुताच्या गोष्टी वाचत बसली. मग त्यांच्यातले इंग्रज कवी लॉर्ड बायरन यांनी सुचवलं, आपण प्रत्येकानं एकेक भूतकथा लिहू या.

त्या घरात दोन कवी होते. त्या दोघांच्या गोष्टी अर्धवट राहिल्या. पुऱ्या झाल्या त्या लेखक म्हणून ज्यांचं नाव कुणी ऐकलं नव्हतं अशा दोघांच्या. एक बायरन यांचे डॉक्टर, जॉन पोलिडोरी. दुसरी अठरा वर्षांची मेरी, पुढे जिला आपण मेरी शेली म्हणून ओळखू लागलो.

बसली होती भूतकथा लिहायला, पण तिच्या गोष्टीत भूत नाही. एक तरुण विद्यार्थी जीव घडवतो आणि तो डोळे उघडतो तेव्हा त्याला टाकून पळतो. 1818च्या जानेवारीत 'फ्रँकेन्स्टाइन' हे पुस्तक निघालं तेव्हा त्यावर तिचं नाव नव्हतं. आणि आज आपण त्या पुस्तकाला ज्या खणात ठेवतो, तो 'विज्ञानकथा' नावाचा खणही नव्हता. फक्त विज्ञानकथा छापणारं पहिलं अमेरिकन मासिक निघायला 1926 साल उजाडलं.

(पडद्यावर: पुस्तकांच्या कपाटांवरून सरकणारा कॅमेरा. खणांवर पाट्या: प्रेम, रहस्य, भय, इतिहास, विज्ञान, फँटसी.)

आज पहिल्यांदा लिहायला बसणाऱ्याची अडचण नेमकी उलटी आहे. खण आधीच तयार आहेत, त्यांना पाट्या लागलेल्या आहेत. हस्तलिखित घेऊन गेलं की प्रकाशक विचारतात, कसली कादंबरी? लेखन कार्यशाळेत ओळख करून देतानाही आधी तेच सांगावं लागतं. एक पानही लिहून झालेलं नसतं, आणि कुठल्या खणात बसायचं ते ठरवायचं असतं.

बहुतेक जण मग एक साधा हिशेब करतात. जे वाचायला आवडतं तेच लिहायचं. हा हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. वाचताना आपण तयार इमारतीत फिरत असतो आणि लिहिताना विटा वाहायच्या असतात. प्रत्येक प्रकारातल्या विटा वेगळ्या.

रहस्यकथा घ्या. नव्या लेखकाला वाटतं, इथे चमकदार शेवट सुचला की काम झालं. पण ही गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे विणावी लागते. खून कुणी केला, कसा केला, त्या रात्री कोण कुठे होतं, हे आधी पक्कं करायचं आणि मग ते वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवूनही त्याला दिसू द्यायचं नाही. 1929मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी तपासकथेसाठी दहा नियम लिहिले. स्वतः ख्रिस्ती धर्मगुरू असल्यामुळे त्यांनी त्यांना बायबलच्या धर्तीवर दहा आज्ञाच म्हटलं. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागात येऊन गेलेला असला पाहिजे. गुप्त खोली किंवा भुयार फार तर एक. तपास करणाऱ्याला नशिबानं किंवा अंतर्ज्ञानानं उत्तर सापडता कामा नये, आणि त्याला मिळालेला प्रत्येक धागा लगेच वाचकालाही दिसला पाहिजे. पुढच्या लेखकांनी यातले बरेच नियम मोडले. त्यांच्यामागची भावना मात्र टिकून आहे. वाचकाला फसवायचं, पण त्याच्याशी लबाडी करायची नाही. ज्याला वेळापत्रकं जुळवत बसायला आवडतं, एका वाक्यासाठी सहा प्रकरणं मागे जाऊन एक कपबशी हलवायचा कंटाळा येत नाही, त्यानं खुशाल रहस्यकथा लिहावी.

प्रेमकथेला अनेक जण सोपी समजतात. ज्यांनी लिहून पाहिली आहे ते समजत नाहीत. अमेरिकेतल्या प्रेमकथा लेखकांच्या संघटनेनं या प्रकाराची व्याख्या दोनच गोष्टींत बसवली आहे. कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. म्हणजे शेवट पहिल्या पानावरच ठाऊक! तरीही वाचकानं श्वास रोखून तीनशे पानं उलटली पाहिजेत. 'पुढे काय होणार' हे हत्यार हातातून काढून घेतल्यावर उरतात ती फक्त दोन माणसं आणि त्यांचं बोलणं. संवाद जमत नसतील तर इथे लपायला जागा नाही. या प्रकाराला मी मनापासून मान देते तो यासाठी.

(पडद्यावर: हातानं काढलेला नकाशा. डोंगर, नद्या, तटबंदीची शहरं.)

फँटसीची ओढ तरुणांना फार असते, आणि तिथला सापळाही गोड आहे. नकाशे काढायचे, राजघराण्यांच्या वंशावळी लिहायच्या, लिपी तयार करायची. वर्षं जातात, वह्या भरतात आणि पहिलं प्रकरण तसंच राहतं. मग टोल्किन यांचं उदाहरण दिलं जातं. त्यांनीही भाषा आधी रचल्या होत्या, हे खरं आहे. पण ते भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते, शब्दांची मुळं खणणं हा त्यांचा रोजचा व्यवसाय आणि आनंद होता. शिवाय 1937च्या डिसेंबरात त्यांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही मोठी कादंबरी सुरू केली ती पहिल्या प्रकरणापासून. पहिला खंड छापून यायला 1954 उजाडलं. नकाशा कथेबरोबर वाढत गेला. ज्याला फँटसी लिहायची आहे त्यानं आधी एका पात्राला घराबाहेर काढावं. ते जिथवर चालेल तिथवरचा नकाशा पुरतो.

ऐतिहासिक कादंबरीचंही तसंच आहे, संदर्भ गोळा करणं हेच लिहिणं वाटू लागतं. भयकथेला लांबी मानवत नाही, म्हणून सुरुवात करणाऱ्यानं ती लघुकथेत करून पाहावी.

विज्ञानकथेकडे येणाऱ्यांना भीती असते की आपल्याला विज्ञान पुरेसं येत नाही. एका माणसाची अडचण याच्या बरोबर उलटी होती. 1974मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं एक कथा आली. विषय कृष्णविवराचा. तिला पहिलं बक्षीस मिळालं. जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. खगोलशास्त्रज्ञ म्हणून ते तेव्हा जगभर माहीत झाले होते, म्हणूनच त्यांनी नावाची आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं. कथा स्वतःच्या पायांवर उभी राहते का, ते त्यांना बघायचं होतं. नवा प्रकार हाती घेताना एवढा मोठा माणूसही नवशिक्यांच्या रांगेत उभा राहिला, हे मला फार मोलाचं वाटतं.

(पडद्यावर: टेबलावर एक वही. लिहिणारा हात. चेहरा दिसत नाही.)

आणखी एक प्रकार आहे, त्याला कपाटात पाटी नाही. स्वतःची गोष्ट. पहिल्या कादंबऱ्यांमध्ये ती सतत भेटते, बहुधा 'सामाजिक' हे नाव घेऊन. नायक लेखकाच्याच वयाचा, त्याचे वडील लेखकाच्याच वडिलांसारखे. यात कमीपणा काहीच नाही. अडचण येते ती 'हे खरंच असं घडलं होतं' या आग्रहात. घडलेली गोष्ट कागदावर पटेलच असं नाही. आयुष्यात योगायोग चालतात, कथेत वाचक त्यांचा हिशेब मागतो. कधी तीच जखम भयकथेत घातली की मोकळी होते. आईच्या जाण्याबद्दल सरळ लिहिताना ज्याची लेखणी अडते, त्याला रिकाम्या घरात रात्री वाजणाऱ्या भांड्यांबद्दल लिहिता येतं. प्रकाराची चौकट तेव्हा आडोसा होते.

(पडद्यावर: धबधबा. पाण्याचा आवाज वाढत जातो.)

आता आर्थर कॉनन डॉयल यांचं ऐका. त्यांचं मन ऐतिहासिक कादंबरीत होतं. आपलं नाव तिच्यामुळे राहील असं त्यांना वाटायचं. तपासकथांमधल्या आपल्या नायकाला, शेरलॉक होम्सला, संपवायचा विचार त्यांनी 1891मध्येच आईला पत्रातून कळवला होता. हा माणूस अधिक चांगल्या कामावरून माझं लक्ष उडवतो, ही तक्रार. 1893मध्ये त्यांनी त्याला खरोखरच धबधब्यात लोटलं. वाचक हळहळले, चिडले. दहा वर्षांनी, 1903मध्ये, त्याला परत आणावं लागलं. लेखकानं एक खण निवडला होता, वाचकांनी दुसरा. ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्याचा पस्तावा मात्र त्यांना झाला नाही.

अगाथा ख्रिस्ती यांनी असा झगडा केला नाही. त्यांनी दुसरं नाव घेतलं. पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधखोलीत काम करताना त्यांना विषांची माहिती झाली आणि त्यातून त्यांची पहिली रहस्यकादंबरी उभी राहिली. पुढे जग त्यांच्याकडे फक्त रहस्य मागू लागलं. 1930पासून मात्र त्या मेरी वेस्टमॅकॉट या नावानं, खून नसलेल्या, माणसांच्या मनाच्या कादंबऱ्या लिहीत होत्या. अशा सहा. जवळजवळ वीस वर्षं हे गुपित टिकलं.

त्यातली एक 1944मध्ये आली. प्रवासात अडकून पडलेली एक बाई, वाळवंटातलं विश्रामगृह, बोलायला कुणी नाही, आणि हळूहळू तिला स्वतःचं आयुष्य दिसू लागतं. एवढीच गोष्ट. ती ख्रिस्ती यांच्या मनात कित्येक वर्षं घोळत होती. लिहायला बसल्या तेव्हा मध्ये कुणी व्यत्यय आणेल या धास्तीनं त्यांनी पहिल्या प्रकरणानंतर थेट शेवटचं लिहून टाकलं आणि मग मधलं भरलं. तीन दिवसांत कादंबरी पुरी झाली. आपलं पूर्ण समाधान करणारं हे एकमेव पुस्तक, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे.

तिसऱ्या दिवसाच्या शेवटी त्या अंथरुणावर पडल्या आणि जवळजवळ चोवीस तास झोपल्या.

(पडद्यावर: खिडकी. पाऊस थांबलेला.)