स्प्रिंग आधी, डॅम्पर नंतर

मित्रांनो, मघाशी तुमची गाडी वर्कशॉपमध्ये पाहिली. पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला, तर जागचा हलला नाही. स्प्रिंग एवढी कडक का, असं विचारलं तर उत्तर आलं, "सर, रेसिंगची गाडी आहे ना." याच समजुतीवर मी एकदा एक गाडी बांधली होती. ती समजूत सुटायला एक अख्खा उन्हाळा गेला. म्हणून आज त्याच गाडीबद्दल सांगतो.

मी तेव्हा इंग्लंडमध्ये नोकरीला होतो. तिथे घरच्या गॅरेजात किट आणून गाडी जोडायची जुनी परंपरा आहे. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन ही छोटी, हलकी स्पोर्ट्स कार १९५७ मध्ये आली. तयार गाडीवर तेव्हा पर्चेस टॅक्स, म्हणजे खरेदी कर, बसायचा, सुट्या भागांवर नाही, म्हणून लोक ती किटच्या रूपात घ्यायचे. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. त्या घाटणीच्या गाड्या लोक आजही स्वतः बांधतात. माझी त्यातलीच एक: नळ्यांची चौकट, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, वजन साडेपाचशे किलो.

हे वजन नीट लक्षात घ्या, सगळं त्यावरच आहे. दीड टनाच्या गाडीत ७५ किलोचा माणूस बसला तर भार ५ टक्क्यांनी वाढतो. माझ्या गाडीत तोच माणूस जवळजवळ १४ टक्के वाढवतो. चाक, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), ब्रेक हे स्प्रिंगच्या खाली असतात, आणि गाडी हलकी केली तरी हे भाग त्या प्रमाणात हलके होत नाहीत. म्हणजे हलकं अंग जड पाय सांभाळत असतं. चाक उसळलं की सगळी गाडी त्याच्याबरोबर उसळते.

आता हिशेब. माझ्या गाडीत चालकासकट पुढच्या एका चाकावर १४४ किलो यायचे. त्यातले २४ स्प्रिंगच्या खालचे. उरले १२०. हे १२० किलो सेकंदाला १.८ वेळा हेलकावावेत असं ठरवलं. रस्त्यावर जोरात चालवायच्या हलक्या गाडीला मला तेवढं पुरेसं वाटतं. त्यासाठी चाकापाशी मिलिमीटरला साधारण १५.३ न्यूटनचा ताठपणा लागतो. पण स्प्रिंग चाकाच्या डोक्यावर उभी नसते, ती आत तिरकी असते. चाक १० मिलिमीटर उचललं की माझी स्प्रिंग ७ मिलिमीटर दबायची. तरफेचा तोटा दोनदा होतो, एकदा अंतरात आणि एकदा बळात, म्हणून ०.७ चा वर्ग, ०.४९, याने भागायचं. आले ३१. तिथे स्प्रिंगवर इंचाला किती पाउंड ते छापतात. त्या मापात १८० च्या आसपास.

मी बसवली होती ३०० ची. उलटा हिशेब केला तर सेकंदाला २.३ हेलकावे. गुळगुळीत ट्रॅकवर, रुंद टायरांवर ते चाललं असतं. गावाकडच्या ठिगळांच्या रस्त्यावर नाही.

डॅम्परला आपल्याकडे शॉकॲब्सॉर्बर म्हणतात. त्या नावाने फार घोटाळा केला आहे. धक्का स्प्रिंग झेलते. स्प्रिंगमध्ये साठलेली ताकद बारीक छिद्रांतून तेल ढकलून उष्णतेत घालवायची, हे डॅम्परचं काम. म्हणून आधी वजनावरून स्प्रिंग ठरते, मग स्प्रिंगवरून डॅम्पर. क्रम उलटा केला की काय होतं ते मी भोगलं आहे.

एका उतारावर, वळणाच्या तोंडाशी, रस्त्याला ओळीने लहान लाटा होत्या. पहिली लाट गाडी बरी घ्यायची. चौथ्या-पाचव्या लाटेला पुढचं टोक दगडासारखं कडक व्हायचं आणि गाडी बाहेर सरकायची. मला वाटलं डॅम्पर ढिला आहे, म्हणून त्याचा कडकपणा बदलायची चावी दोन खटके आवळली. गाडी आणखी बिघडली. मग डॅम्परच्या दांड्यावर प्लॅस्टिकची पट्टी बांधली, दांडा जिथवर आत जाईल तिथवर ती सरकते. परतलो तर पट्टी रबरी बफरला, म्हणजे दांडा शेवटी जिथे अडतो त्या रबराला, टेकलेली. एवढ्या कडक स्प्रिंगवर, एवढ्या लहान लाटांनी!

कारण असं की माझ्या डॅम्परची चावी मुख्यतः परत उघडण्याची गती बदलायची. ती इतकी आवळली होती की दबलेली स्प्रिंग पूर्ण उघडायच्या आत पुढची लाट यायची. गाडी प्रत्येक लाटेला थोडी खाली बसत बसत बफरवर यायची. चावी पूर्ण सोडली, १८० ची स्प्रिंग घातली, आणि गाडी लाटेनंतर डुलत राहायची थांबेपर्यंत एकेक खटका आवळत गेलो. एका फेरीत एकच बदल, आणि तो लगेच वहीत. त्याच वळणावर नंतर पट्टी बफरपासून १२ मिलिमीटर अलीकडे थांबली. टायरची हवाही १८ पीएसआयवर आणली. टायर हीसुद्धा स्प्रिंगच आहे, आणि हलक्या गाडीला मोठ्या गाडीची हवा जास्त होते.

स्प्रिंग जिच्यावर बसते ती आट्यांची कडी फिरवून स्प्रिंग कडक होते, असं तुमच्यापैकी दोघं म्हणाले. तसं होत नाही. कडीने उंची बदलते आणि भार चाकाचाकांत वाटला जातो. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी घातली की भार त्या पायावर आणि त्याच्या समोरच्या तिरक्या पायावर जातो, बाकी दोन हलके होतात. गाडीचंही तसंच. मी चालकाच्या जागी वाळूच्या पिशव्या ठेवल्या, अँटीरोल बारचा (वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याचा) एका बाजूचा जोड सोडला, चारही चाकांखाली वजनकाटे लावले, आणि दोन तिरक्या जोड्यांची बेरीज सारखी येईपर्यंत कड्या फिरवल्या. त्याआधी ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. ते तिथेच थांबलं.

तर आज दुपारी तुमच्या गाडीचं एवढं करा: चार काटे, चालकाच्या वजनाची वाळू, स्प्रिंगवर छापलेला आकडा, आणि चाक १० मिलिमीटर उचललं तर स्प्रिंग किती दबते ते माप. कागद घेऊन या. मी संध्याकाळपर्यंत वर्कशॉपमध्येच आहे.