तागालोग मराठीतूनच शिका

मित्रहो, नावापासूनच सुरुवात करू. फिलिपिन्समधली ही भाषा ‘टॅगलॉग’ नव्हे, तागालोग. त तांदळातला, आणि जोर ‘गा’वर. इंग्रजी पुस्तकावरून शिकणाऱ्याला हा त जमवायला वेळ लागतो, कारण इंग्रजीचा टी आपल्या ट-च्या जवळचा. तुम्हाआम्हाला तो जन्मापासून येतो. क, त, प हे तिन्ही वर्ण मराठीसारखेच, हवा न सोडता म्हणायचे. म्हणून माझं आजचं सांगणं एवढंच आहे, की ही भाषा शिकताना मध्ये इंग्रजी आणू नका. मराठीतून थेट तिकडे जा. रस्ता जवळचा आहे.

इथे बसलेल्यांपैकी कुणी जहाजावर जाणार आहे, कुणाचं पोर फिलिपिन्समध्ये डॉक्टरकी शिकतंय. मी स्वतः जहाजाच्या इंजिनरूममध्ये फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर ही भाषा शिकलो. जगातल्या व्यापारी जहाजांवर फिलिपिनो खलाशी जागोजागी भेटतात आणि आपली कोकणातली मुलंही त्यांच्या शेजारीच काम करतात. कामापुरतं इंग्रजी दोघांनाही येतं. पण मेसमध्ये जेवताना जे बोलणं चालतं ते तागालोगमध्ये, आणि माणूस कळतो तो तिथे.

आता उच्चारातली एकच अवघड गोष्ट. आपल्या बाराखडीत ङ आहे, पण त्याने शब्द सुरू होत नाही. त्यांच्याकडे होतो. ‘आत्ता’ला ते ‘ङायोन’ म्हणतात. ‘वाङ्मय’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच ठेवा आणि पुढे ‘आयोन’ म्हणा. चार दिवस घोकलंत की बसतं. शिवाय जोर कुठे द्यायचा ते कानाने उचला. ‘बासा’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असेल तर वाचन, शेवटच्यावर असेल आणि तिथे आवाज घशात तोडला तर ओलं. ‘हिंदी’ म्हणजे ‘नाही’, तिथेही जोर शेवटी आणि आवाज तसाच तोडलेला.

माणसाशी बोलायला सुरुवात कशी करायची? ‘कुमुस्ता का?’ म्हणजे कसा आहेस. ‘कुमुस्ता पो कायो?’ म्हणजे कसे आहात. का आणि कायो, आपलं तू आणि तुम्ही. कायो मुळात अनेकवचन, आदरार्थी एकालाही चालतं, अगदी आपल्यासारखं. हे इंग्रजीतून समजावायला पानभर लागेल, तुम्हाला एका ओळीत कळलं. त्यातला ‘पो’ मात्र घट्ट धरून ठेवा. वडीलधाऱ्या किंवा अनोळखी माणसाशी बोलताना तो वाक्यात यायलाच हवा. ‘सालामात पो’, आभारी आहे. ‘मागान्दाङ उमागा पो’, सुप्रभात. दुपारी ‘हापोन’, रात्री ‘गाबी’. साधा होकार ‘ओओ’, मोठ्यांना ‘ओपो’. व्याकरण चुकलं तर लोक समजून घेतात, पण आजीला ‘ओओ’ म्हणालात तर शेजारची मंडळी मान वर करून पाहतील. रिक्षावाल्याला, दुकानदाराला नुसती हाक मारत नाहीत, ‘कुया’ म्हणतात, म्हणजे दादा. बाईला ‘आते’. आपल्याला ऐकताना आत्या वाटते, पण ती ताई आहे.

आता जेवणाकडे येतो, कारण मला सगळ्यात जवळची वाटणारी वाक्यं तिथली आहेत. ‘कुमाइन का ना बा?’ जेवलास का? शेवटचा ‘बा’ म्हणजे आपला प्रश्नाचा ‘का’. आपल्याकडे गावात भेटल्याभेटल्या विचारतात तसंच तेही विचारतात. पोटाची चौकशी असतेच, पण खरी चौकशी माणसाची. आणि कुणी डबा उघडून बसलं असेल, तुम्ही शेजारून गेलात, तर तो म्हणणारच, ‘काइन तायो!’ चला, जेवू या. आपण ‘या जेवायला’ म्हणतो आणि समोरचा ‘होऊ द्या सावकाश’ म्हणतो. तिकडचं उत्तर, ‘सिगे पो, सालामात. बुसोग पा पो आको.’ ठीक आहे, आभारी आहे, माझं पोट अजून भरलेलं आहे. न बोलता पुढे जाऊ नका, ते फार तुटक दिसतं.

या ‘तायो’वर मी जरा रेंगाळणार आहे. इंग्रजीत वी एकच. मराठीत आम्ही वेगळे आणि आपण वेगळे. तागालोगमध्येही ‘कामी’ म्हणजे आम्ही, ऐकणाऱ्याला वगळून. ‘तायो’ म्हणजे आपण, त्याला धरून. ‘काकाइन कामी’ म्हणालात तर आम्ही जेवणार, तू तुझं बघ. ‘काकाइन तायो’ म्हणालात तर तो ताट घेऊन येईल. इंग्रजीतून शिकलेला माणूस इथे वर्षभर अडखळतो. मराठी माणसाने ‘आपण’ आठवावं आणि पुढे जावं.

क्रियापदाची गंमतही याच शब्दात आहे. मूळ ‘काइन’. पहिल्या व्यंजनानंतर ‘उम्’ घुसवला की ‘कुमाइन’, खाऊन झालं. पहिलं अक्षर दुप्पट करून उम् घातला की ‘कुमाकाइन’, खाणं चालू आहे. नुसतं दुप्पट केलं की ‘काकाइन’, खाणार आहे. विकत घेण्याला ‘बिली’: बुमिली, बुमिबिली, बिबिली. काळ कोणता हे ते विचारत नाहीत, काम झालं, चाललंय की व्हायचंय एवढंच पाहतात. हे तीन साचे तोंडात बसले की याच पद्धतीची कितीतरी क्रियापदं हाताशी येतात.

मनिलात उतरलात की जीपनीत बसाच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याच्या मागे राहिलेल्या जीपांपासून हे वाहन निघालं. मागून चढायचं, दोन लांब बाकांवर समोरासमोर बसायचं. तुम्ही मागे बसला असाल तर पैसे पुढे करून म्हणायचं, ‘बायाद पो’. शेजारचा हातात घेतो, तो पुढच्याला देतो, असे हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे पैसे त्याच वाटेने परत येतात. नाही आले तर ‘सुक्ली को पो’, माझे सुटे. उतरायचं असेल तेव्हा ‘पारा पो!’ एकाच प्रवासात तीन वाक्यं, तीही खऱ्या गरजेतून. वर्गात अशी उजळणी होत नाही. किंमत विचारायला ‘माग्कानो पो इतो?’ मोजणी त्यांची ‘इसा, दालावा, तात्लो’ (एक, दोन, तीन) पाठ कराल, पण भावात ‘बेन्ते’ (वीस), ‘सिङ्क्वेन्ता’ (पन्नास) ऐकू येईल आणि वाजले किती तर ‘आलास ओत्सो’, आठ. १५६५ ते १८९८ स्पॅनिश सत्ता होती, तिचे आकडे बाजारात आणि घड्याळात राहिले. म्हणून दोन्ही मोजण्या लागतात.

आणि त्याच्याही आधीचं आपल्याकडचं देणं आहेच. शिक्षक ‘गुरो’, चेहरा ‘मुखा’. १९८९मध्ये लागुना प्रांतात सापडलेल्या ताम्रपटावर शक ८२२, वैशाख अशी तिथी आहे. आपलं पंचांग ज्या शकात तारीख मोजतं तोच हा शक, हे वाचून मला भरून आलं होतं. आजचं नातंही आहे: तिकडे कुठल्याही भारतीयाला ‘बुम्बाय’ म्हणतात, मग तो पंजाबी का असेना. मुंबईकराने रागावण्याचं कारण नाही.

तिकडचे लोक इंग्रजीत उत्तर देतील, तेव्हा धीर सोडू नका. ‘पाकिउलित पो’, पुन्हा सांगा. ‘दाहान-दाहान पो’, हळूहळू. तुमचं कौतुक झालं तर ‘काउन्ती लाङ पो’, थोडंसंच येतं.

डॉक्टरकी शिकणाऱ्यांच्या आईवडिलांसाठी एक सूचना. दावाव, सेबू या शहरांकडे रस्त्यावर सेबुआनो ही दुसरी भाषा चालते. तिथे सकाळी ‘माआयोङ बुन्ताग’ आणि आभाराला ‘दाग्हाङ सालामात’. पो तिथला नव्हे. तागालोग बोललात तरी कळतं, पण रुग्णाशी त्याच्या घरच्या बोलीत पहिला शब्द बोलला की तो मोकळा होतो. तागालोग रुग्ण आला तर ‘साआन पो मासाकित?’, कुठे दुखतंय, हे मुलांना जाण्याआधी पाठ असू द्या.