पुस्तकाच्या पाठीवरचे तेरा अंक

श्रोतेहो, नमस्कार. हाताशी एखादं पुस्तक असेल तर जरा उलटं करा. मलपृष्ठावर खाली, बारकोडपाशी एक लांबलचक आकडा दिसेल. हाच तो आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक. सोबत कागद-पेन्सिलही घ्या, थोडं गणित करायचंय.

पण आधी एक गैरसमज. 'आयएसबीएन आहे म्हणजे पुस्तक सरकारमान्य' असं अनेकजण मानतात, काही तर जाहिरातीतही अभिमानाने छापतात. आपल्याकडे हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो, तोही विनामूल्य. प्रकाशकच हवा असं नाही, लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. क्रमांक देताना मजकूर चांगला की वाईट हे कुणी पाहत नाही. मोटारीला नंबरप्लेट मिळाली म्हणून चालक निष्णात ठरत नाही, तसंच हे!

आता आकडा वाचू. सुरुवातीचे ९७८ म्हणजे 'ही वस्तू पुस्तक आहे'. बिस्किटच्या पुड्यावर बहुधा ८९० दिसेल, तो भारतातल्या नोंदणीचा आकडा. पुस्तकांना मात्र जगभर ९७८ किंवा ९७९. त्यापुढे ८१ किंवा ९३ असेल तर पुस्तक भारतातलं. मराठी, तमिळ, इंग्रजी, सगळ्यांना तेच, तेव्हा भाषा यावरून कळत नाही. मग प्रकाशकाचे अंक, मग त्या पुस्तकाचे, आणि अगदी शेवटी एकटा पडताळणीचा अंक. गंमत आहे ती या शेवटच्या अंकात.

समजावण्यासाठी मी एक आकडा रचलाय, लिहून घ्या: ९७८ ८११ २३४ ५६७, आणि शेवटी ७. शेवटचा ७ तूर्त झाका. उरलेल्या बारांपैकी पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक मिळवा: ९, ८, १, २, ४, ६. झाले ३०. मधले राहिले ७, ८, १, ३, ५, ७. त्यांची बेरीज ३१, तिची तिप्पट ९३. तीस आणि त्र्याण्णव, १२३. पुढची दहाच्या पटीतली संख्या १३०, म्हणजे कमी पडले ७. झाकलेला अंक उघडा, सातच आहे!

एखादा अंक चुकीचा लिहिला गेला तर हा हिशेब हमखास बिघडतो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेकदा बिघडतो. बहुतेकदाच म्हणतोय, कारण त्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल, म्हणजे १ आणि ६ किंवा २ आणि ७, तर अदलाबदल बिनबोभाट खपून जाते. जुन्या दहा अंकी पद्धतीत ही फट नव्हती. तिथे अकराने भाग जायचा, म्हणून कधीकधी शेवटी अंकाऐवजी 'एक्स' हे अक्षर येई. पडताळणीचा अंक 'दहा' आला की त्याऐवजी ते लिहीत, छपाईची चूक नव्हे.

दहा अंकी क्रमांक १९७०पासून चालला. १ जानेवारी २००७पासून तेरा अंकी आला. ग्रंथालयांच्या नोंदींत घोटाळा होतो तो इथे: जुन्या आकड्याला पुढे ९७८ चिकटवायचं आणि शेवटचा अंक तसाच ठेवायचा. आपल्याच आकड्याचं दहा अंकी रूप पाहा: ८११ २३४ ५६७, शेवटी ८. तेरा अंकीत त्या आठाचा ७ झाला. म्हणजे शेवटचा अंक नव्याने काढावाच लागतो. ९७९ने सुरू होणाऱ्या क्रमांकाला मात्र दहा अंकी रूपच नसतं.

आणखी एक. पुठ्ठा बांधणी, पेपरबॅक, ई-बुक, प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. मजकुरात बदल न करता नुसतं पुन्हा छापलं तर क्रमांक जुनाच राहतो. आपल्याकडे अशा पुनर्मुद्रणावरही सर्रास 'पाचवी आवृत्ती' छापतात, त्यामुळे दोन 'आवृत्त्यां'वर एकच क्रमांक दिसला तर दचकू नका. ऑनलाइन मागवताना मात्र आकडा नीट जुळवा, नाहीतर पुस्तक तेच, पण घरी येईल ई-बुकची लिंक.

दिवाळी अंकावर आयएसबीएन शोधत बसू नका. तो नियतकालिकात मोडतो, त्यांच्यासाठी आठ अंकी आयएसएसएन ही वेगळी व्यवस्था आहे. आणि १९७०च्या आधीचं एखादं पुस्तक रद्दीत सापडलं, तर आतलं मुद्रणपृष्ठ उघडा: प्रकाशक, वर्ष, मुद्रणालय, किंमत. त्याची ओळख तिथेच आहे. नमस्कार.