ठसका

(काळा पडदा. तव्यावर काहीतरी चरचरतंय. खोकला. पुन्हा खोकला. मागून एका बाईचं हसू.)

हा खोकला माझा आहे. संकलनात कापून टाकता आला असता. मुद्दाम ठेवलाय. कारण ह्या घरात मिरच्या तव्यावर पडल्या की आधी खोकला ऐकू येतो, माणसं मागून दिसतात.

(पहाट. उसाच्या फडावर धुकं. कौलारू घर, परसात चूल.)

कोल्हापूरजवळचं, करवीर तालुक्यातलं गाव. भोगावती इथून हाकेच्या अंतरावर. चारी बाजूंनी ऊस. चुलीपुढे बसलीय ती माझी आत्ती. "खर्डा कसा करायचा ते दाखव, शूटिंग करायचंय," असं मी फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी गप्प झाली आणि मग म्हणाली, "अरं, खर्ड्याचं काय शूटिंग करतुयास? मिरच्या भाजायच्या आन् रगडायच्या. झालं की."

ह्या 'झालं की'मध्ये काय काय आहे ते कळायला मला दोन दिवस लागले.

(सुपातल्या मिरच्या, अगदी जवळून.)

सुपात पावशेर हिरव्या मिरच्या आहेत. नीट बघा, सगळ्या एका जातीच्या नाहीत. बारीक, गडद, टोकदार दिसतायत त्या लवंगी. फिक्या, लांब, जाड सालीच्या त्या पोपटी. नुसती लवंगी घातली तर जाळ निघतो आणि चव हाती लागत नाही. नुसती पोपटी घातली तर भाजी खाल्ल्यासारखं वाटतं. आत्तीचं प्रमाण दोन वाटे लवंगी, एक वाटा पोपटी. अर्थात हे प्रमाण माझं. ती सुपाकडे नुसतं बघते आणि मूठभर इकडची तिकडे करते.

बाजारात ती मिरची रंगावरून घेत नाही, मोडून घेते. टच्चकन मोडली तर ताजी. वाकली तर भाजीवालीला परत.

मिरच्या धुतल्या, फडक्यानं कोरड्या केल्या. आता देठ खुडणं. हे काम कंटाळवाणं वाटतं आणि आपण ते टाळतो. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मी टाळलं होतं. देठासकट बंद मिरची तापल्या तव्यावर पडली की आतल्या ओलाव्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते. मिरची फुगते आणि फटकन फुटते. माझ्या वेळी एक बी तेलासकट थेट भुवईवर आलं होतं. देठ खुडला की मिरचीला तोंड फुटतं, वाफ निमूट निघून जाते.

(चुलीवर तवा. जाळ. काही क्षण निवेदन नाही, फक्त आवाज.)

तवा बिडाचा आहे. आत्तीच्या सासूचा. जड, उचलायला दोन हात लागतात, आणि एकदा तापला की उष्णता सोडत नाही.

मिरच्या आधी कोरड्याच पडतात, तेल नाही. पहिलं मिनिटभर काहीच होत नाही. मग बारीक तडतड. मग साल जागोजागी पांढुरकी होते, फोड येतात, त्या फोडांवर तपकिरी डाग आणि डागांच्या मधोमध काळा ठिपका. आत्ती ह्या ठिपक्यांची वाट बघतेय. मिरची सगळीच काळी झाली तर खर्डा कडू, ठिपका नाहीच पडला तर हिरवट, कच्चा वास. "भाजली का, हे कसं ओळखायचं?" मी विचारलं. ती म्हणाली, "तू खोकलास की."

विनोद वाटला, पण तिचं खरंच तसंच आहे. मिरचीतला झोंबणारा घटक म्हणजे कॅप्सेसिन. मिरची चांगली तापली की तो धुरासोबत हवेत येतो आणि घसा धरतो. तोच ठसका. आपल्याकडे दृष्ट काढताना मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळून विस्तवात टाकतात. ठसका लागला नाही, तर 'बघ, केवढी दृष्ट लागली होती पोराला.' लागला, तर दृष्ट नव्हतीच. आमच्या घरी ह्या परीक्षेत कधी कुणाला ठसका लागल्याचं आठवत नाही. त्याच मिरच्यांचा खर्डा केला असता तर अख्खी गल्ली खोकली असती.

(लसूण सोलणारे हात. पळीतून तेल.)

आता चमचाभर गोडंतेल, जिरं आणि बारा-पंधरा पाकळ्या लसूण. लसूण पूर्ण भाजायचा नाही, कडेनं जरा रंग आला की पुरे. ह्याला कारण आहे. लसणाची पाकळी ठेचली की तिच्यातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, मोकळं होतं आणि त्यातून तो नाकात शिरणारा उग्र वास तयार होतो. उष्णतेनं हे विकर निकामी होतं. म्हणून पूर्ण भाजलेला लसूण गोडसर लागतो आणि कच्चा लसूण चावतो. अर्धवट भाजलेल्या पाकळीत दोन्ही असतं, बाहेरून गोड, आतून तिखट. आत्तीला विकर माहीत नाही, तिला पाकळीचा रंग माहीत आहे.

मूठभर शेंगदाणे आधीच भाजून, साल पाखडून ठेवलेत. आणि जाडं मीठ. बारीक मीठ चालत नाही, का ते पुढे बघू.

(बंदरात उभी शिडाची जहाजं, जुनं चित्र. मग पुन्हा तवा.)

जरा थांबू. मिरची आपली नाही, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. तिचं घर मेक्सिको आणि त्याखालची अमेरिका. हजारो वर्षांपासून तिथले लोक ती पिकवत आलेत. पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला पोचले, १५१० साली त्यांनी गोवा घेतला आणि त्या शतकात कधीतरी त्यांच्या जहाजांतून मिरची ह्या किनाऱ्यावर उतरली. तोवर आपलं तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आलं. 'मिरची' हा शब्दसुद्धा मिरीवरूनच आलाय. नव्या पाहुण्याला जुन्या भाडेकरूचं नाव दिलं.

ह्यातली एक गंमत मला फार आवडते. सावता माळी यांनी समाधी घेतली १२९५ साली. त्यांच्या नावावर गायल्या जाणाऱ्या, महाराष्ट्रात प्रत्येकाला तोंडपाठ असलेल्या अभंगात लसूण आणि कोथिंबिरीच्या बरोबरीनं मिरची आहे. तेव्हा मिरची अजून समुद्रापलीकडे होती. अभंग तोंडातोंडी वाहत आला आणि वाटेत कुठंतरी, कुण्या वारकऱ्याच्या तोंडून, मिरची त्यात येऊन बसली. विठोबाच्या मळ्यात मिरची नाही, हे कुणालाच पटलं नसावं.

आणि एकटी मिरचीच पाहुणी नाही. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. ज्वारी त्याच्या कितीतरी आधी आफ्रिकेतून आलेली. हे सगळं मी चुलीपुढे बसून आत्तीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मीठ तरी आपलं हाय का?"

(मेक्सिकोतल्या स्वयंपाकघराचं चित्र: सपाट तवा, तीन पायांचा दगडी खल.)

मला खरं नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मेक्सिकोत आजही साल्सा करताना मिरच्या आणि टोमॅटो कोरड्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजतात. त्या तव्याला ते कोमाल म्हणतात. मग लसूण आणि मिठासोबत दगडी खलात रगडतात. काळ्या, खरबरीत दगडाचा, तीन पायांचा खल, त्याचं नाव मोलकाहेते. तवा आणि खल. मिरचीसोबत कुणी पाककृती पाठवली नव्हती, तरी चुलीपुढे बसलेल्या बायका दोन्हीकडे एकाच जागी येऊन पोचल्या.

(तवा चुलीवरून खाली. पितळी तांब्या.)

आता मुख्य काम.

आत्ती खल घेत नाही. पाटा-वरवंटा परसात आहे, तोही घेत नाही. तवा खाली उतरवते, त्यात मीठ टाकते आणि रिकाम्या पितळी तांब्याच्या बुडानं तव्यातच रगडायला लागते. मी मिक्सरचं नाव काढलं. मिक्सर तिच्याकडे आहे, रोज फिरतोही. वर्षाची कांदा-लसूण चटणी तर ती डंकावर कांडून आणते. तेव्हा यंत्राशी तिचं काही वाकडं नाही.

"मिक्सरात घातलं की त्येचं पाणी हुतंय," ती म्हणाली. "मी दाखवतो तुला." (कोल्हापुरात बायका 'मी दाखवतो'च म्हणतात. ध्वनिमुद्रणात चूक नाही.)

आणि तिनं खरंच दाखवलं. अर्ध्या मिरच्या मिक्सरला, अर्ध्या तव्यात.

(दोन वाट्या शेजारी शेजारी. अगदी जवळून.)

डावीकडची मिक्सरमधली. रंग एकसारखा, पोपटी. कडेनं पाणी सुटलंय. पात्यानं साल, गर, बी सगळं एका मापानं कापलं, आणि कापलं की रस बाहेर. हिला चटणी म्हणू, वाईट नाही. उजवीकडची तांब्याखालची. इथं साल फाटलीय, कापली गेली नाही. हा सालीचा लांब तुकडा बघा, त्यावरचा काळा डाग शाबूत आहे. हा अर्धा शेंगदाणा. हे लसणाचं चपटं झालेलं टोक. एका घासात आधी भाजल्याची चव येते, मग दाणा, मग अचानक अख्ख्या बियांचा झुबका. प्रत्येक घास वेगळा लागतो. जाडं मीठ इथं कामाला येतं. मिरचीची साल गुळगुळीत, चिवट. तांब्याखालून निसटते. मिठाचे खडे तिला धरून ठेवतात, खरवडतात, आणि काम झालं की स्वतः विरघळून जातात.

हाताची हालचाल बघा. वरून आपटणं नाही. तांब्या टेकवायचा, वजन द्यायचं, मनगट अर्धं फिरवायचं, उचलायचा. तीस-चाळीस वेळा. शेंगदाणे सगळ्यात शेवटी, कारण त्यांना तेल सुटलं की लगदा व्हायला वेळ लागत नाही. एका क्षणी ती थांबते. मला वाटलं, अजून जाडसर आहे. मी तांब्या मागितला, पाच-सहा वेळा रगडलं. आत्ती काही बोलली नाही. माझा वाटा वेगळा काढून मलाच वाढला.

(पुस्तकी रेखाचित्र: उभी चिरलेली मिरची.)

आता तिखटाबद्दल थोडं. बी तिखट असतं ही समजूत आहे. कॅप्सेसिन तयार होतं ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या पडद्यात. बियांना ते नुसतं लागतं. आणि तिखट ही चव नाही. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की 'भाजतंय' असं मेंदूला कळवणारा एक ग्राही आपल्या चेतापेशींवर असतो, कॅप्सेसिन नेमकं तेच दार ठोठावतं. तोंड थंड असतं, मेंदूला वाटतं आग लागली. हा ग्राही शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत विभागून मिळालं. पक्ष्यांमध्ये हे दार कॅप्सेसिनला दाद देत नाही. म्हणून पिंजऱ्यातला विठू मिरची मिटक्या मारत खातो आणि आपण त्याचं कौतुक करत बसतो.

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणूनच खर्ड्यात दाणे आणि शेजारी दही. दाण्याचं तेल त्याला धरतं, दह्यातलं प्रथिन त्याला जिभेवरून सोडवून नेतं. पाणी प्यायलात तर तिखट तोंडभर फिरवून आणाल.

हे सगळं ज्ञान असूनही दुसऱ्या दिवशी मी देठ खुडलेल्या हातानं डोळा चोळला. पुढची वीस मिनिटं चित्रीकरण बंद. आत्तीनं आधी हातांना खोबरेल चोळायला लावलं, मग साबण. डोळ्यावर गार पाण्याचे हबके. "डोळं चोळू नगं म्हनलं हुतं न्हवं," एवढंच.

(भाकरीची थाप. काठवट.)

वऱ्हाडात आणि खानदेशात गेलात तर ह्याला ठेचा म्हणतात, आणि तिथले लोक सांगतील की खरा तोच. वाद घालू नका, जेवून या. ओल्या लाल मिरचीचा रंजका ही आणखी वेगळी गोष्ट. मीठ, लिंबू घालून बरणीत भरून ठेवायचा. बाटलीतल्या परदेशी सॉसचा खरा भाऊबंद तोच. लुईझियानातला, १८६८ पासूनचा टबॅस्कोसुद्धा मिरची मिठासोबत वाटून, लाकडी पिंपात मुरवून करतात. खर्डा मुरवायचा नसतो. आत्ती तो सकाळी करते आणि शेतात जेवणाच्या सुट्टीला संपवते.

(बांधावर. फडक्यात भाकरी. बुक्कीनं फोडलेला कांदा.)

ज्वारीची भाकरी, तिच्या पापुद्र्यावर खर्डा, बुक्कीनं फोडलेला कांदा, वाटीत दही. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मी ती पाच मिनिटं कापलीयत, नाक ओढण्याचे आवाज फार होते.

(परत घर. संध्याकाळ. तोच तवा.)

तव्याच्या तळाला काळपट हिरवी खरपूड चिकटलीय. आत्ती भाकरीचा तुकडा घेते आणि तवा चारी बाजूंनी पुसून काढते. मिठाचा शेवटचा खडा, करपलेला लसूण, तेल, सगळं त्या तुकड्यात. ह्या घासावरून आम्हा भावंडांत लहानपणी हाणामाऱ्या झाल्यात. आज मी हात पुढे केला. आत्तीनं तो माईक धरून बसलेल्या माझ्या मित्राला दिला. दोन दिवसांत सगळ्यात जास्त खोकला तोच होता.

(काळा पडदा. उचकी. पुन्हा उचकी.)