उंबरठ्यावरची संस्कृती

अध्यक्ष महोदय आणि उपस्थित सभासदहो,

परदेशात राहणाऱ्या माणसाच्या कानांवर संस्कृतीविषयीची दोन परस्परविरोधी वाक्ये सतत पडतात, आणि पुष्कळदा ती दोन्ही तो स्वतःच बोलत असतो: ‘माणूस इथूनतिथून सारखाच’ आणि ‘आपलं म्हणजे सगळंच वेगळं’. ही दोन्ही एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे आज मला थोडे उलगडून पाहायचे आहे.

जगातील सर्व ज्ञात समाजांत आढळणाऱ्या गोष्टींची एक यादी अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी १९४५ साली मांडली. तीत ७० हून अधिक नोंदी आहेत: नाव ठेवणे, अभिवादन, आदरातिथ्य, भेटवस्तू, केशरचना, वारसाहक्काचे नियम, स्वप्नांचा अर्थ लावणे, अंत्यविधी आणि चक्क थट्टामस्करीसुद्धा. (थट्टा सर्वत्र असते आणि तरीही भाषांतरात सर्वांत आधी तीच दगावते, हे येथील बहुतेकांनी अनुभवले असेल.) मात्र हे साम्य मथळ्यांचे आहे, त्यांखालील मजकुराचे नाही, याची मर्डॉक यांना पूर्ण जाणीव होती. शोक सर्वच समाज पाळतात. पण किती दिवस, कोणत्या रंगाच्या वस्त्रांत, आक्रोश करून की मूकपणे, हे प्रत्येकाचे निराळे. माणसाचे मूल जन्मतः असहाय असते, त्याला हाताशी येण्यास अनेक वर्षे लागतात, माणसे थकतात, मरतात, आणि मागे राहिलेल्यांना एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते. या अडचणी कोणालाच चुकत नाहीत, म्हणून मथळे सारखे राहतात.

याहून सूक्ष्म साम्य मानववंशशास्त्रज्ञ आर्नोल्ड व्हॅन जेनेप यांनी १९०९ मध्ये दाखवले होते. जन्म, वयात येणे, विवाह, मृत्यू अशा प्रसंगांचे विधी वरवर कितीही भिन्न दिसले, तरी त्यांत तीन पायऱ्या दिसतात: जुन्या अवस्थेतून बाहेर काढणे, काही काळ मधल्या स्थितीत ठेवणे आणि नव्या अवस्थेत सामावून घेणे. मधल्या पायरीसाठी त्यांनी उंबरठ्याची कल्पना वापरली. स्थलांतरिताला ती फार जवळची वाटावी, कारण बाहेर पडण्याचा निरोप त्याला रीतसर मिळतो, पण आत घेण्याचा विधी वर्षानुवर्षे लांबत जातो. नागरिकत्वाचे काम खरे तर एका सहीने भागले असते; तरीही कितीतरी देश लोकांना एकत्र बोलावून, उभे करून शपथ देतात. आधुनिक राज्यसंस्थेलाही विधीवाचून राहवत नाही, असे मला यावरून वाटते.

आता बदलाकडे वळतो. विल्यम ऑगबर्न या समाजशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये ‘सांस्कृतिक विलंब’ ही संकल्पना मांडली. यंत्रे आणि साधने आधी बदलतात, तर कायदे, समजुती आणि सवयी मागाहून फरफटत येतात. अमेरिकेत कारखाने वाढले आणि अपघातांत कामगारांचे हातपाय जाऊ लागले, तरी भरपाई जुन्याच तत्त्वानुसार, म्हणजे चूक कोणाची हे न्यायालयात सिद्ध करून, मागावी लागत होती. तिथल्या राज्यांनी भरपाईचे कायदे केले ते १९१० नंतरच्या सुमारास. मधल्या काही दशकांची किंमत कोणी मोजली, हे वेगळे सांगायला नको.

आपल्यासारख्यांच्या बाबतीत मात्र विलंबाचा आणखी एक प्रकार आढळतो, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. भाषातज्ज्ञ अल्बर्ट मार्कवर्ट यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले की वसाहतीला गेलेले लोक मायदेशी मागे पडलेली रूपे जपून ठेवतात. शरद ऋतूसाठी ‘फॉल’ हा शब्द एकेकाळी इंग्लंडमध्येही रूढ होता. तिथे ‘ऑटम’ने त्याची जागा घेतली आणि अमेरिकेत तो टिकला. स्थलांतरिताचे घड्याळ तो निघाला त्या वर्षाशी थांबते. मागे राहिलेली माणसे रोजच्या गरजेनुसार रीती छाटत, जोडत पुढे जातात. आपण मात्र आठवणीतली प्रत मूळ प्रत समजून तिच्यात काना-मात्रेचाही फरक खपवून घेत नाही. त्यामुळे मायदेशी गेल्यावर ‘इथे आता काही राहिले नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा बदललेल्या संस्कृतीपेक्षा आपल्या थांबलेल्या घड्याळाविषयीच अधिक सांगत असतो.

म्हणून एखादी रीत ठेवावी की बदलावी, असा वाद समितीत निघेल तेव्हा ती किती जुनी आहे हे विचारण्याआधी ती कोणती गरज भागवत होती हे विचारावे, असे मी सुचवीन. माणसांना वर्षातून काही वेळा एकत्र आणणे हे काम असेल, तर तिथीऐवजी रविवार चालतो. थोरांसमोर थोडे थांबायला शिकवणे हे काम असेल, तर घाईघाईने उरकलेला विधी, तिथी अचूक साधूनही, ते करत नाही.

क्यूबाचे अभ्यासक फर्नांडो ऑर्टिझ यांनी १९४० मध्ये म्हटले होते की दोन संस्कृतींच्या संपर्कातून जे निपजते ते अपत्यासारखे असते: दोन्ही पालकांचे काहीतरी घेतलेले, तरी दोघांहून वेगळे. शेवटच्या रांगेत बसलेली आपली मुले गेली पंधरा मिनिटे दोन भाषांत कुजबुजत आहेत; पुढच्या वर्षीचा कार्यक्रम ठरवताना त्यांतील दोघांना समितीत घ्यावे, असा प्रस्ताव मी आजच मांडतो.